अनुदान : समान की समन्यायी?



शासन सर्व शाळांना एकाच नियमाने पैसे देते, तरी काही शाळा मागे का राहतात, असे पालक आम्हांला नेहमी विचारतात. उत्तर त्या नियमातच आहे. सर्वांना एकच माप लावले की वाटप समान होते. ते न्याय्य होईलच असे नाही.

समग्र शिक्षा योजनेतील शाळा अनुदान पाहू. शासकीय शाळेची वीज, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता, खडू-डस्टर हा खर्च त्यातून करायचा असतो. 2021 मध्ये सुधारलेल्या निकषांत ही राशी पटसंख्येवर ठरली : 30 मुलांपर्यंत वर्षाला 10 हजार रुपये, 31 ते 100 पर्यंत 25 हजार, 101 ते 250 पर्यंत 50 हजार, 1000 च्या वर 1 लाख. घरात प्रथमच शिकणारी मुले कोणत्या शाळेत आहेत, हे या कोष्टकात कुठेच नाही. सुखवस्तू वॉर्डात पंखे पालक देतात, मजूर वस्तीत ते कोण देणार, हाही विचार त्यात नाही.

दुसरे माप आपल्या देशाला अपरिचित नाही. केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ठरवताना 15 व्या वित्त आयोगाने (2021-26) 45 टक्के भार उत्पन्नातील तफावतीला दिला; राज्य जितके गरीब, तितका या निकषावरचा वाटा अधिक. हे तत्त्व दिल्लीहून भोपाळपर्यंत येते. शाळेच्या दारापर्यंत मात्र ते आलेले नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात शाळांचा मोठा खर्च गावाच्या मालमत्ता करातून चालतो. त्यामुळे श्रीमंत गावाची शाळा संपन्न आणि गरीब गावाची शाळा कंगाल, अशी स्थिती होती. गरीब-श्रीमंत सर्व मुलांना शिक्षण देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये दिला आणि त्याच वर्षी नवा कायदा झाला. त्याचे सूत्र सोपे आहे. गावातील मुलांना नीट शिकवायला किती खर्च येईल ते आधी काढायचे. गरीब घरच्या आणि इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी जास्त धरायचे. मग मालमत्ता व उत्पन्न पाहून गाव स्वतः किती देऊ शकेल ते ठरवायचे. उरलेले राज्याने द्यायचे. पुढे हा हिशेब अपुरा ठरला, तेव्हा 2019 मध्ये नवा कायदा करून गरीब मुलांसाठीची तरतूद वाढवावी लागली.

याचा आपल्याशी संबंध काय? आमच्याकडे नववीत येणारी कित्येक मुले परिसरातील शासकीय शाळांतून येतात. आठ वर्षांची उणीव दोन वर्षांत भरून काढणे कोणत्याही शिक्षकाला कठीण आहे.

यासाठी नवा कायदा येण्याची वाट पाहायला नको. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 21 प्रमाणे शासकीय शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. कलम 22 म्हणते की समितीने शाळा विकास योजना तयार करावी आणि शासनाचे अनुदान त्या योजनेच्या आधारे ठरावे. म्हणजे गरज आधी, रक्कम नंतर! पण योजनेचा कागद कोराच गेला, तर पटसंख्येचे कोष्टक तेवढे उरते.

आपल्या समाजातील निवृत्त शिक्षक, लेखापाल, अभियंते यांनी जवळच्या शासकीय शाळेच्या समितीला ही योजना लिहिण्यात मदत करावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. पैशाच्या देणगीइतकेच हे कामही मोलाचे आहे.