कायदा एक, गावे अनेक

ग्रामसभेचा धडा तुम्ही नागरिकशास्त्रात वाचला असेलच. कायदा सगळ्या गावांना सारखाच असतो. मग एका गावात तो जिवंत होतो आणि दुसऱ्या गावात कागदावरच राहतो, असं का?

एक उदाहरण घेऊ. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटे गाव आहे. वनहक्क कायदा 2006 साली झाला आणि 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील सुरुवातीच्या गावांपैकी हे एक.

हे जमलं कसं? या कायद्याच्या कितीतरी आधीपासून तिथे ग्रामसभा नियमित भरत होती. निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने होत असे. एकाचाही विरोध असला तरी चर्चा पुढे चालू! शिवाय गावात अभ्यासगट होते. त्यांत लोक जंगलाचे आणि कायद्याचे प्रश्न समजून घेत. त्यामुळे कायदा आला तेव्हा गाव तयार होतं. बी पडलं ते नांगरलेल्या जमिनीत.

पण तेवढ्याने भागलं नाही. बांबू गावाबाहेर विकायला वाहतूक परवाना लागतो आणि तो देणं वनखात्याच्या हातात होतं. कायद्यात बांबू गौण वनोपजात स्पष्टपणे धरलेला असूनही परवान्याचा प्रश्न अडून राहिला. अखेर 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेकडे आलं. म्हणजे गावाइतकंच सरकारी कार्यालयही बदलावं लागतं.

आता उलट चित्र पाहा. चार-पाच वाड्यांचं मोठं गाव, निम्मे लोक मजुरीला बाहेर, सभेची सूचना फक्त फळ्यावर. गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, मग मोजक्या लोकांत ठराव होतात. कायदा तोच, पण अधिकार मूठभरांकडे.

म्हणून एखाद्या गावाचा 'पॅटर्न' जसाच्या तसा उचलून चालत नाही. आधी विचारावं लागतं : इथे लोक एकत्र बसतात का? कोणाला बोलायला मिळतं? माहिती कोणापर्यंत पोहोचते?

तुमच्या गावात पुढची ग्रामसभा कधी आहे? घरी विचारा. उत्तर कोणालाच माहीत नसेल, तर सुधारणा कुठून सुरू करायची ते तुम्हाला कळलंच!