मीटर स्वस्त, पट्ट्या महाग

पहिला ग्लुकोमीटर रुग्णाला विकतच मिळत नसे, हे मी माझ्या औषधाच्या दुकानातल्या नव्या पोरांना आवर्जून सांगतो. अमेरिकेत एल्कहार्टच्या एम्स कंपनीने १९७०च्या सुमारास तो आणला, डॉक्टरांसाठी. वजन किलोभराहून जास्त. पट्टीवर रक्ताचा मोठा थेंब घ्यायचा, ६० सेकंद थांबायचं, पट्टी पाण्याने धुवायची, मग मीटरचा काटा रंगावरून साखर दाखवणार. रिचर्ड बर्नस्टीन या मधुमेही इंजिनिअरने तो डॉक्टर पत्नीच्या नावावर मागवला, घरीच साखर मोजू लागला. पुढे त्याचं म्हणणं ऐकलं जावं म्हणून स्वतः डॉक्टर झाला. काय जिद्द म्हणायची!

आज मीटर स्वस्त आहे. कंपन्यांची कमाई पट्ट्यांवर. त्यामुळे गिऱ्हाइकाला मी आधी पट्ट्यांचा भाव सांगतो. पैशापायी साखर मोजणं टाळणारी माणसं रोज बघतो, फार वाईट वाटतं.