‘मधला माणूस’ संपला म्हणे!

स्वतंत्र संगीताचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं. कॉलेजच्या कार्यक्रमात येतं, जेवणाच्या टेबलावर येतं, आणि आता स्वतः गाणी करणारी मुलंही तेच म्हणू लागली आहेत: “हल्ली सगळं मोबाईलवर होतं. गाणं केलं, अपलोड केलं, विषय संपला. मधली माणसं हवीत कशाला?” त्याला जोडून दुसरं येतं. एखादी मुलगी घरी सांगते की मला संगीताच्या क्षेत्रात काम करायचंय, पण गायचं नाहीये. की लगेच, “मग तिथे जाऊन करणार काय? माइक उचलणार?”

माइक उचलणं हेही काम आहे आणि ते नीट येणारी माणसं कमी आहेत, पण त्याकडे नंतर वळू. आधी अपलोडचं बघू, कारण या एका गैरसमजापायी लोक पैसेही गमावतात आणि करिअरही.

कॅसेट किंवा सीडी छापून दुकानापर्यंत पोचवणारा माणूस गेला, हे खरं. त्याच्याबरोबर बाकीची कामंही गेली, हे खोटं. ती कामं लेबलच्या ऑफिसातून उठली आणि थेट कलाकाराच्या डोक्यावर येऊन बसली, एवढंच झालं. ती होत नाहीत म्हणून दिसत नाहीत, आणि दिसत नाहीत म्हणून नाहीतच असं आपण धरून चालतो.

समजा, पुण्यात चार जणांनी मिळून एक गाणं केलं. शब्द एकीचे, गायलीही तीच. चाल दुसऱ्याची, बीट तिसऱ्यानं बनवला, मध्ये संबळाचा तुकडा चौथ्यानं वाजवला. गाणं स्ट्रीमिंग अॅप्सवर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या साइटवर खातं मात्र एकाच्याच नावाचं. काही महिन्यांनी त्या खात्यात थोडे पैसे जमा होतात आणि चौघांनाही वाटतं, हेच आपल्या गाण्याचे पैसे. नाहीत. ते गाण्यातल्या एका हक्काचे पैसे आहेत.

कायद्याच्या नजरेत शब्द ही एक कृती, चाल ही दुसरी आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा हक्क आणखी वेगळा. डिस्ट्रिब्युटर आणून देतो तो ध्वनिमुद्रणाचा पैसा. शब्द आणि चाल यांचा पैसा गोळा करते इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस. ही संस्था १९६९ पासून मुंबईत आहे आणि २०१७ मध्ये कॉपीराइट सोसायटी म्हणून तिची नव्यानं नोंदणी झाली. तिचे सदस्य होतात गीतकार, संगीतकार आणि संगीत-प्रकाशक. निव्वळ गायक तिथे सदस्य होऊ शकत नाही, तरीही “मी गायलंय, आयपीआरएस मला का देत नाही?” असं रागानं विचारणारे भेटतात. गायक-वादकांची संस्था निराळी आहे. ती २०१३ मध्ये ‘इस्रा’ म्हणून नोंदली गेली, आता तिला ‘इसाम्रा’ म्हणतात.

“एकदा हक्क लिहून दिले की संपलं, मग रॉयल्टी कसली?” असं कुणी म्हणालं तर त्याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातली कलमं १८ आणि १९ दाखवा, २०१२ च्या दुरुस्तीसह. शब्द आणि चाल यांचे हक्क विकले तरी रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा गीतकार-संगीतकाराला सोडून देता येत नाही, आणि सोडला असं लिहून घेतलं तरी ते कायद्यापुढे टिकत नाही. वारस आणि कॉपीराइट सोसायटी यांचा तेवढा अपवाद. या दुरुस्तीसाठी जावेद अख्तर राज्यसभेत आणि बाहेर किती भांडले हे त्या वेळच्या वर्तमानपत्रांत आहे. कायद्यानं पैसा दिला. तो येतो मात्र नावावर, आणि नाव कुणीतरी बसून भरावं लागतं.

इथे खरं काम सुरू होतं. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा एक क्रमांक असतो, आयएसआरसी. रचनेचा क्रमांक वेगळा, आयएसडब्ल्यूसी. तेच रेकॉर्डिंग आधी सुटं आलं आणि मग अल्बममध्ये घेतलं तर आयएसआरसी तोच ठेवायचा. गिटारवर पुन्हा गायलं तर नवा घ्यायचा. डिस्ट्रिब्युटर बदलताना जुना क्रमांक न देता नवा घेतला की त्याच गाण्याची दोन गाणी होतात आणि ऐकल्याचा आकडा शून्यावर येतो. मग बँड म्हणतो, “अल्गोरिदमनं मारलं.” अल्गोरिदमनं काही केलेलं नसतं. फॉर्म भरणाऱ्यानं केलेलं असतं, आणि तो फॉर्म रात्री दोन वाजता ड्रमरनं भरलेला असतो.

मराठी नावांचं तर विचारूच नका. ‘ज्ञानेश्वर’ रोमन लिपीत एकदा ‘डी’नं सुरू होतो, एकदा ‘जी’नं, एकदा ‘जे’नं. वडिलांचं नाव कधी असतं, कधी गायब. आपल्या लेखी तो एकच माणूस, यंत्राच्या लेखी तीन. भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ऐवजी ‘हिंदी’ निवडलेली गाणी तर सर्रास सापडतात.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर अमेरिकेतला एक जाहीर आकडा देतो. तिथे २०१८ च्या कायद्यानं रचनांची स्ट्रीमिंग रॉयल्टी वाटण्यासाठी मेकॅनिकल लायसेन्सिंग कलेक्टिव्ह ही संस्था उभी राहिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिनं जाहीर केलं की स्ट्रीमिंग कंपन्यांकडे साठून राहिलेले सुमारे ४२ कोटी ४० लाख डॉलर तिच्याकडे जमा झालेत. साठून का राहिले होते? तर हा पैसा कोणत्या रचनेचा, कोणत्या मालकाचा, हे जुळवता आलं नव्हतं म्हणून. गाणी वाजली होती, लोकांनी ऐकली होती, पैसेही मोजले गेले होते. नाव-गाव तेवढं जुळत नव्हतं.

हे जुळवणाऱ्या माणसाला कुणी राइट्स अॅडमिनिस्ट्रेटर म्हणतं, कुणी लेबल ऑपरेशन्सवाली, कुणी नुसतं ‘रॉयल्टीवाली मुलगी’. तिला गाता यायला हवं का? नको. एक्सेलचा कंटाळा नसावा, करार शेवटच्या पानापर्यंत वाचायची सवय असावी, आणि चार भांडखोर मित्रांकडून गाणं बाहेर पडण्याआधी कुणाचा किती टक्के वाटा हे लेखी घेण्याचा चिवटपणा असावा. या कागदाला स्प्लिट शीट म्हणतात. एक पान असतं. गाणं चाललं नाही तर ते कुणालाच आठवत नाही, गाणं चाललं की पहिलं तेच शोधतात. बीट करणाऱ्याचा तर हमखास घोळ: तो स्वतःला प्रोड्यूसर म्हणतो, पण कायदा ध्वनिमुद्रणाचा निर्माता मानतो ते काम करवून घेण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्याला. ती जबाबदारी कुणाची होती हे लिहिलं नसेल तर मैत्री आणि मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, दोन्ही लटकतात. बीट इंटरनेटवरून ‘नॉन-एक्स्क्लुझिव्ह’ भाड्यानं घेतला असेल तर तोच बीट आणखी पन्नास जणांकडे असू शकतो. अशा गाण्याला यूट्यूबच्या कंटेंट आयडी या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेत टाकलं तर दुसऱ्याच्याच गाण्यावर तुमचा दावा लागतो. हेही कुणीतरी आधी सांगायला हवं.

वेळापत्रकाचंही तेच. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर ते प्रसिद्ध होण्याआधीच सुचवावं लागतं, आणि निदान सात दिवस आधी असं कंपनीच सांगते. प्रसिद्ध झालेलं गाणं सुचवता येत नाही. “काल रात्री मिक्स झालं, आज टाकलं” हे ऐकायला फार रोमँटिक आहे.

‘एकट्यानं केलं’ या कौतुकाचंही असंच आहे. संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये घराघरांत वाजलं, तेव्हा त्यामागचं संगीत त्याच्या भावाचं, जी-स्पार्कचं, हे किती जणांनी पाहिलं? मराठी नाटकाच्या जाहिरातीत प्रकाशयोजना, नेपथ्य आणि सूत्रधार यांची नावं छापायची आपली रीत आहे, आणि प्रेक्षक ती वाचतोही. गाण्याच्या बाबतीत मात्र तोच प्रेक्षक गायकाच्या पुढे जात नाही.

आणि हा सगळा परदेशी थाट आहे, ‘आर्टिस्ट मॅनेजर’ वगैरे मुंबईच्या इंग्रजी बँडची चैन आहे, असं वाटणाऱ्यांनी नारायणगावला जाऊन यावं. यात्रांचा हंगाम आला की तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची यात्रा कमिटी येते, तारीख आणि रक्कम ठरते, सुपारी दिली जाते. राहुटीत बसून हे ठरवणारा फडाचा व्यवस्थापक नाचत नाही, गात नाही. कोणत्या तारखेला फड कुठे, दोन गावांतलं अंतर किती, ट्रक किती लागतील, उचल किती घ्यायची, हे त्याच्या डोक्यात असतं. बुकिंग एजंट आणि टूर मॅनेजर याहून वेगळं काय करतात? ते गूगल शीट वापरतात.

आता माइक उचलण्याकडे. मंचावर संबळ असेल तर त्याच्या दोन तोंडांचे आवाज वेगळे, म्हणून माइकही दोन लागू शकतात. हलगी शेजारच्या गायिकेच्या माइकमध्ये शिरते. गायिकेला स्वतःचा आवाज मॉनिटरमध्ये ऐकू आला नाही तर ती बेसूर होते, आणि लोक म्हणतात, लाइव्ह जमत नाही बुवा हिला. कोणतं वाद्य कुठे, किती चॅनल, कोणतं वाद्य थेट मिक्सरला जोडायला डीआय बॉक्स, याची यादी आधी आयोजकाला जाते. तिला टेक रायडर म्हणतात. तो कलाकाराचा नखरा नसतो. पुण्यात २०१० मध्ये एनएच-सेव्हन वीकेंडर हा संगीतमहोत्सव सुरू झाला आणि एकाच मैदानात अनेक मंच ही गोष्ट आपल्याकडे रुळली, तेव्हा एकानंतर दुसरा बँड मिनिटांत चढवणाऱ्या स्टेज मॅनेजरांची एक पिढीच अशा ठिकाणी तयार झाली. त्यात रात्री दहाची मर्यादा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० चे आहेत, त्यात राज्य सरकारला सवलत देता येते ती वर्षातल्या मोजक्या दिवसांसाठी आणि फक्त बारापर्यंत. संध्याकाळी चारचा साउंडचेक सहाला सुरू झाला तर शेवटच्या बँडची दोन गाणी कापली जातात. कुणाची कापायची, हे सांगायचं काम ज्याच्याकडे, त्याला मंचावरचा कुणीच धन्यवाद देत नाही.

किरकोळ गैरसमज आता भराभर.

“गायक म्हणून जमलं नाही ते मागे जातात.” स्टीव्ह अल्बिनी ‘बिग ब्लॅक’ आणि ‘शेलॅक’ या बँडमध्ये वाजवत होता आणि पोटासाठी इतरांची रेकॉर्डिंग करत होता. ‘निर्वाणा’ या बँडच्या १९९३ च्या ‘इन युटेरो’ अल्बमवर त्यानं रॉयल्टी नाकारली, प्लंबरसारखे ठरलेले पैसे द्या, म्हणाला. दोन्ही कामं त्यानं २०२४ मध्ये मरेपर्यंत केली.

“कॉपीराइटची नोंदणी केल्याशिवाय हक्क नाही.” भारतात नोंदणी ऐच्छिक आहे. हक्क निर्मितीबरोबरच येतो, नोंदणी पुराव्याच्या कामी येते. स्वतःलाच रजिस्टर पोस्ट पाठवून पाकीट न फोडता ठेवणाऱ्यांनी पोस्टखात्याला मदत केली, बाकी काही नाही.

“नोटेशन लिहिता येत नाही, मग कसला संगीतकार?” कायद्यातल्या संगीतकाराच्या व्याख्येत स्पष्ट म्हटलंय की स्वरलिपीत उतरवलं की नाही याचा संबंध नाही.

“दुसऱ्याच्या गाण्याचे सात सेकंद वापरले तर चालतं.” कायद्यात असे कोणतेही सेकंद नाहीत. हे कुठून आलं देव जाणे.

“एक-एक स्ट्रीमचे पैसे मिळतातच.” २०२४ पासून स्पॉटिफायवर आधीच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. आणि ते हजार विकत घेऊ नका. कृत्रिम स्ट्रीम पकडले तर डिस्ट्रिब्युटरला दंड होतो आणि तो तुमच्याकडून वसूल करतो.

“मॅनेजर वीस टक्के खातो.” पंधरा ते वीस टक्के हा रूढ दर आहे, भांडण असतं ते कशाचे टक्के यावर. कार्यक्रमाचे १,००,००० रुपये आले आणि प्रवास, वादक, राहणं यांत ७०,००० गेले. एकूण रकमेवर वीस टक्के म्हणजे २०,०००, कलाकाराला उरले १०,०००. खर्च वजा जाता वीस टक्के म्हणजे ६,०००, कलाकाराला २४,०००. करारातल्या एका शब्दाचा फरक, आणि बहुतेक करार तोंडी.

“यात पैसा नाही.” सुरुवातीला खरोखरच फार नाही, यावर वाद घालत नाही. बहुतेक जण दोन-तीन कामं एकत्र करतात: दिवसा एका लेबलच्या गाण्यांची माहिती (मेटाडेटा) भरणं, शनिवार-रविवारी मंच, मधल्या वेळात एखाद्या कलाकाराचं बुकिंग. कुणी महिन्याचं ठरावीक मानधन घेतं, कुणी कमिशन. सुरुवात करायला पदवी लागत नाही. ओळखीच्या बँडची आजवरची सगळी गाणी घ्या आणि एका शीटमध्ये लिहा: गाण्याचं नाव, गीतकार, संगीतकार, वादक, प्रत्येकाचा वाटा, आयएसआरसी, आयपीआरएसकडे नोंद आहे की नाही. निम्मे रकाने रिकामे निघतील. बँडला ते दाखवा, आणि भरून देण्याचे किती घेणार तेही त्याच भेटीत सांगा.