शेजारी कोणास म्हणावे?

ख्रिस्ती धर्मातील करुणेचा विचार करू लागले म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोन्याची गोष्ट प्रथम आठवते. यरुशलेमहून यरीहोकडे निघालेल्या एका वाटसरूला लुटारूंनी मारून अर्धमेला टाकले. त्या वाटेने एक याजक गेला, मागून एक लेवी गेला. दोघांनीही त्याला पाहिले आणि बाजूने निघून गेले. थांबला तो शोमरोनी. म्हणजे ज्याच्याशी यहुदी लोक व्यवहारही ठेवीत नसत असा. सोवळ्याओवळ्याची ज्यांना आठवण आहे, त्यांना या दुराव्याचे स्वरूप समजावून सांगावयास नको. शोमरोन्याने जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेले आणि दुसऱ्या दिवशी तेथील रखवालदाराच्या हाती दोन नाणी ठेवून, अधिक लागेल ते परतताना देण्याचे कबूल केले. मला या गोष्टीत ती दोन नाणी फार महत्त्वाची वाटतात. त्याचा कळवळा वाटेवरच संपला नाही. दुसऱ्या दिवसाच्या खर्चापर्यंत टिकला.

महाराष्ट्रात असा खर्च अंगावर घेणाऱ्यांत मिरजेच्या डॉक्टर वॉनलेस यांचे नाव आदराने घेतले जाते. पण ते परदेशातून सेवेसाठी आले होते. पंडिता रमाबाई स्वतःच भुकेतून वर आलेल्या होत्या. 1870 नंतरच्या दशकातील दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण थोड्याच अवधीत गेली. आईच्या प्रेताला खांदा द्यावयास माणसे पुरेशी मिळेनात. रमाबाई ठेंगण्या, म्हणून त्यांना आपल्या बाजूचा भार डोक्यावर घ्यावा लागला. पुढे 1883 साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथे लंडनमधील फुलहॅम भागात, समाजाने टाकलेल्या स्त्रियांची ख्रिस्ती भगिनी करीत असलेली शुश्रूषा पाहून त्यांच्या मनाने जो ठाव घेतला, तो ग्रंथवाचनाने घेतला नव्हता.

1896-97 साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई तेथे गेल्या आणि अनाथ मुलींना घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचा अंमल असल्याने त्यांना शहरात ठेवता येईना. शारदा सदनाच्या उत्पन्नासाठी केडगावला घेतलेली जमीन होती. तेथेच निवारे उभे राहिले, आणि त्यातून ‘मुक्ती’ वसली. 1900 च्या गुजरातेतील दुष्काळानंतर ही संख्या हजारांत गेली. इतक्या जणींना नुसते जेवू घालणे हेच केवढे काम! पण तेथे शेती, विणकाम, घाणा, छापखाना चालू झाले. अंध मुलींना बोटांनी वाचावयास शिकविले गेले.

पनवेलजवळच्या चिरनेर गावी 25 सप्टेंबर 1930 च्या जंगल सत्याग्रहात गोळीबाराला बळी पडलेल्या आठ वीरांची नावे लोकांनी जपली आहेत. दरवर्षी त्या दिवशी त्यांना मानवंदना दिली जाते. दुष्काळात मेलेल्यांची मात्र नावेही उरत नाहीत, आकडा तेवढा उरतो. केडगावात त्या आकड्यातील काही मुलींना पुन्हा नावाने हाक मारणारे कोणी भेटले.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 1893 साली शारदा सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात असल्याचा बोभाटा झाला. रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. केडगावच्याही पुष्कळ मुली पुढे ख्रिस्ती झाल्या. ज्या मुलीचे अन्न आणि छप्पर एकाच हातात आहे, तिची संमती कितपत मोकळी, हा प्रश्न खराच आहे. शोमरोन्याने त्या जखमी वाटसरूला ‘आता माझ्या गिरिझीम पर्वतावर उपासनेला ये’ असे सांगितल्याचे कोठेही लिहिलेले नाही. परंतु मुलींना वाटेवर पडलेल्या पाहून निघून जाणाऱ्यांना हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कितीसा, हेही पाहिले पाहिजे. सार्वजनिक सभेने त्याच दुष्काळात शेतकऱ्यांना त्यांचे हक्क समजावून दिले. तेही परदुःखाला दिलेले उत्तरच होय, आणि केडगावपेक्षा कमी प्रतीचे नव्हे.

त्या वादाला आणखी एक फळ आले. ज्या 1893 साली सदनावर वादळ उठले, त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी तेथील विद्यार्थिनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला, आणि 1896 साली त्यांनी पुण्यात विधवांसाठी हिंदू समाजाच्या आश्रयाने चालणारी संस्था काढली.