सलग पाच दिवस काटा पडला तर? नाणेफेकीचं गणित आणि तुमचं खेळतं भांडवल



व्हिडिओत आपण नाणं उडवून पाहिलं, आता तेच गणित कागदावर मांडू. वही, पेन आणि एक रुपयाचं नाणं जवळ घ्या. "गणित आपला प्रांत नाही हो" म्हणणाऱ्यांनी तर आधी घ्या, कारण इथे गुणाकार-भागाकाराच्या पुढे काहीच नाहीये.

एक नाणं उडवलं तर निकाल दोन, छापा किंवा काटा. छापा पडण्याची संभाव्यता १/२, म्हणजे ५० टक्के. सूत्र एवढंच: आपल्याला हवे असलेले निकाल भागिले एकूण निकाल. फक्त एक अट आहे. मोजलेले सगळे निकाल सारख्याच शक्यतेचे हवेत. ही अट विसरली की गडबड होते, आणि ती भल्याभल्यांची झालेली आहे.

दोनदा नाणं उडवलं तर किमान एक छापा येण्याची संभाव्यता किती? दालाँबेर हे १८व्या शतकातले फ्रान्सचे मोठे गणिती. १७५४ साली त्यांनी फ्रेंच विश्वकोशात याचं उत्तर २/३ असं मांडलं. त्यांचा युक्तिवाद असा, की पहिल्यांदाच छापा पडला तर खेळ संपला. नाहीतर काटा-छापा किंवा काटा-काटा. म्हणजे निकाल तीन, त्यातले दोन आपले. ऐकायला बरोबर वाटतं ना? पण "पहिल्यांदाच छापा" हा निकाल एकटाच ५० टक्के जागा खातो, बाकीचे दोन २५-२५ टक्के. त्यांना एका तराजूत कसं तोलणार? नीट लिहून काढा: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. चार निकाल, त्यातल्या तिनांत छापा आहे. उत्तर ३/४.

आता एक शॉर्टकट. "किमान एक" असं विचारलं की सरळ मोजत बसू नका, उलटं मोजा. एकही छापा नाही, याची संभाव्यता १/२ गुणिले १/२, म्हणजे १/४. ती १ मधून वजा करा, ३/४ आलं. तीन नाण्यांना १ वजा १/८, म्हणजे ७/८. झालं.

आता धंद्याकडे येऊ.

समजा तुमची नाश्त्याची गाडी आहे. माल संपला तर तो दिवस छापा, माल उरून तोटा झाला तर काटा. सोपं जावं म्हणून दोन्हीची शक्यता अर्धी-अर्धी धरू, आणि आजच्या धंद्याचा उद्याच्या धंद्याशी संबंध नाही असंही धरू. ठरवलेल्या पाच दिवसांत पाचही काटे पडण्याची संभाव्यता किती? १/२ पाच वेळा गुणा: १/३२, म्हणजे साधारण ३ टक्के. "बघा, तीनच टक्के! आपल्यावर कशाला येतंय?" असं म्हणून बरेच जण इथेच वही मिटतात.

पण तुम्ही पाचच दिवस धंदा करणार आहात का? महिना ३० दिवसांचा. त्यात सलग पाच काट्यांची ओळ १ तारखेला सुरू होईल, ७ ला होईल, २६ लाही होईल. हे सगळं हिशोबात धरलं तर ३० दिवसांत कुठेतरी सलग पाच काटे पडण्याची संभाव्यता जवळपास ३७ टक्के येते. तीन महिन्यांतला एक महिना असा निघू शकतो! आणि यात तुमच्या चवीचा, जागेचा, मेहनतीचा काही दोष नाही. सरळ नाणंसुद्धा असंच वागतं. पटत नसेल तर ३० वेळा उडवून लिहून काढा. लांब ओळी दिसतात, आपल्या अंदाजापेक्षा जास्तच दिसतात.

मग सहाव्या दिवशी काय करायचं? इथेच बरेच जण फसतात. "पाच दिवस मंदी गेली, आज नक्की उठाव येणार" म्हणून दुप्पट माल भरतात. नाण्याला आठवण नसते हो. सहाव्यांदाही छाप्याची संभाव्यता ५० टक्केच. १९१३ साली माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटच्या चाकावर सलग २६ वेळा काळा रंग आला, आणि "आता तरी लाल येणारच" म्हणत लोक पैसे लावत राहिले, हरत राहिले.

आकडे मांडूनच बघा. वाईट दिवसाचा तोटा ८०० रुपये धरा. माल तेवढाच ठेवला तर पाच वाईट दिवसांत ४,००० गेले. रोज दुप्पट भरत गेलात तर तोटाही किमान दुप्पट होत जातो: ८००, १,६००, ३,२००, ६,४००, १२,८००. बेरीज २४,८००! दिवस तेच, गिऱ्हाईक तेच. ४,००० बाजूला ठेवलेला माणूस सहाव्या सकाळी गाडी लावतो. २४,८०० घालवलेला बहुतेक सावकाराकडे जातो.

आता तुम्ही म्हणाल, सर, आमचा धंदा ५०-५० कुठे असतो? बरोबर. धंद्याचं नाणं वाकडं असतं. समजा दहा चौकशांपैकी सरासरी दोघेच घेतात. म्हणजे एकाने न घेण्याची संभाव्यता ०.८. दहाही जण रिकामे जाण्याची? ०.८ दहा वेळा गुणा, मोबाईलचा कॅल्क्युलेटर चालेल. साधारण १०.७ टक्के. म्हणजे रोज दहा चौकशा असतील तर महिन्याच्या २५ कामाच्या दिवसांत सरासरी अडीच-तीन दिवस भवानीसुद्धा होणार नाही. अशा एका दिवसावरून दर पाडू नका. दहातले तीन घ्यायला लागले तर हाच आकडा ३ टक्क्यांच्याही खाली येतो. तुमचा आकडा वहीतूनच मिळेल, पण त्यासाठी रोज किती चौकशा आल्या हेही लिहायला लागतं. आपण फक्त विक्री लिहितो.

शेवटची गोष्ट, आणि ही जरा जपून. वर आपण गुणाकार करत गेलो तो एका नाण्याचा दुसऱ्याशी संबंध नाही म्हणून. धंद्यात तो असतो. समजा तुमचे टोमॅटोचे दोन पुरवठादार आहेत आणि प्रत्येकाकडून माल न येण्याची शक्यता १/१०. दोघेही एकाच दिवशी चुकण्याची १/१० गुणिले १/१०, म्हणजे शंभरात एक. निवांत झोपायला हरकत नाही? पण दोघेही नारायणगावच्या बाजारातूनच माल उचलत असतील तर तिथे एका पावसाने आवक थांबली की दोघेही एकदमच अडकतील. तुमची खरी जोखीम शंभरात एक राहत नाही, दहात एकच्या जवळ जाते. म्हणून दुसरा पुरवठादार धरताना दर विचारता तसं, माल कुठून उचलता हेही विचारा.