पैसे गेले, तिकीट कुठंय?

दोस्तांनो, मुंबईहून पुण्याकडे येणारी गाडी कर्जतला थांबली की तुम्ही काय करता? खिडकीतून हात बाहेर काढून बटाटेवडा घेता, हो ना? पण गाडी काही वड्यासाठी थांबत नाही बरं का! कर्जतला अनेक गाड्यांच्या मागच्या बाजूला जादा इंजिनं जोडतात. त्यांना म्हणतात ‘बँकर’. कर्जतच्या पुढे भोर घाट सुरू होतो. कर्जत ते लोणावळा अंतर जेमतेम २८ किलोमीटर, पण घाटातला चढ असा खडा, की ३७ फूट पुढं जाताना गाडी एक फूट वर चढते. १८६३ साली हा घाटमार्ग सुरू झाला. एकट्या इंजिनाला हा चढ झेपत नाही, म्हणून मागून रेटा द्यायचा. लोणावळा आलं की बँकर सुटे, आणि गाडी आपली निघाली पुण्याला.

आता जरा विचार करा. गाडीनं ही जादा इंजिनं मुंबईपासून ओढत आणली का? नाही. जिथं गरज लागली तिथं मागितली, काम झाल्यावर सोडून दिली. पुढच्या चालकाला बँकरच्या पोटातली यंत्रं खोलून बघावी लागतात का? तेही नाही. त्याला फक्त शिट्टीचे ठरलेले संकेत माहीत हवेत. मागच्या चालकालाही तेच संकेत माहीत हवेत. बस्स!

मागितली, मिळाली, सोडली, आणि दोघांमध्ये एक पक्का करार. याला म्हणायचं ‘सेवा’. संगणकाच्या जगात अशा सेवा कशा घडवायच्या, एकमेकींना कशा जोडायच्या आणि त्यांच्यावर भरवसा कसा ठेवायचा, याचं एक अख्खं शास्त्रच आहे. त्याचं नाव ‘सर्व्हिसेस कम्प्युटिंग’. मराठीत हवं तर ‘सेवा-संगणन’ म्हणा.

एका तिकिटामागे किती जण?

समजा, कामशेतच्या एका आजींना लोणावळ्याहून सोलापूरला जायचंय. नातू मोबाइलवर तिकीट काढून देतो. दोन मिनिटांचं काम! पण त्या दोन मिनिटांत पडद्यामागे केवढी धावपळ होते ते बघा.

तिकीट विकणारी संस्था आहे आयआरसीटीसी. २००२ पासून ती इंटरनेटवर तिकिटं देते. पण गाडीत जागा किती उरल्यात, हे तिला रेल्वेच्या आरक्षण यंत्रणेला विचारावं लागतं. ती यंत्रणा ‘क्रिस’ नावाची रेल्वेची दुसरी संस्था सांभाळते. पैसे आजींच्या बँकेतून येणार. ते यूपीआयच्या वाटेनं आले, तर २०१६ साली सुरू झालेली ही वाट चालवणारी संस्था आणखी निराळी. पैसे पोचले की आरक्षण यंत्रणेनं जागा पक्की करायची. आणि ‘तिकीट मिळालं’ हा निरोप मोबाइल कंपनीनं आणून द्यायचा.

म्हणजे एका तिकिटासाठी निदान पाच घरचे पाच पाहुणे! त्यांचे संगणक वेगळे, मालक वेगळे, कदाचित गावंही वेगळी. एकमेकांचं तोंडही न बघता सगळे मिळून काम करतात. कशाच्या जोरावर? ठरलेल्या कराराच्या. ‘तू मला अशा शब्दांत विचार, मी तुला अशा शब्दांत उत्तर देईन.’ आपली शिट्टीच की ही!

आणि मध्येच गाडी अडली तर?

खरी गंमत, किंवा खरी पंचाईत म्हणा, पुढंच आहे. बँकेतून पैसे कापले गेले आणि नेमकं त्याच क्षणी नेटवर्क गेलं. पैसे गेले, पण तिकीट कुठंय? आजींच्या खात्यात हजारच रुपये असतील, तर अडकलेले चारशे रुपये ही काही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. आणि गंमत अशी, की चूक कुणाचीच दिसत नाही. बँक म्हणते, ‘आम्ही पैसे दिले.’ तिकीटवाले म्हणतात, ‘आम्हाला पोचलेच नाहीत.’ आजींनी कुणाच्या दारात जायचं?

सेवा-संगणनातला हा कळीचा प्रश्न. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सालेम या दोन संशोधकांनी १९८७ मध्ये यावर एक तोडगा मांडला. त्याचं नाव त्यांनी ठेवलं ‘सागा’, म्हणजे लांबलचक गोष्ट. कल्पना साधी आहे. लांबलचक काम छोट्या पावलांत तोडायचं, आणि प्रत्येक पावलाबरोबर त्याचं ‘उलट पाऊल’ही आधीच ठरवून ठेवायचं. पैसे कापणं हे पाऊल, तर पैसे परत करणं हे उलट पाऊल. जागा राखणं हे पाऊल, तर जागा सोडणं हे उलट पाऊल. मध्ये कुठं अडलं, की जितकी पावलं पुढं गेलो तितकी मागं यायची. अर्धवट काही ठेवायचं नाही.

दुसरी एक युक्तीही मजेदार आहे. उत्तर आलं नाही की आपण काय करतो? बटण पुन्हा दाबतो, तिसऱ्यांदा दाबतो! मग तीनदा पैसे जायचे का? ते टाळायला प्रत्येक मागणीला एक क्रमांक देतात. तोच क्रमांक पुन्हा आला, तर समोरचा संगणक ओळखतो, ‘अरे, ही जुनीच चिठ्ठी आहे’, आणि काम पुन्हा न करता आधीचंच उत्तर देतो.

पण नुसती युक्ती पुरत नाही, तिला मुदत लागते. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नियम घालून दिला. यूपीआयनं एका माणसाकडून दुसऱ्याला पाठवलेले पैसे कापले गेले पण पोचले नाहीत, तर ते जास्तीत जास्त दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांची खबर त्याला मिळाली नाही, तर पाच दिवसांत. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकानं न मागता! म्हणजे आजींनी दारोदार फिरायचं नाही, यंत्रणेनं स्वतःहून मागं यायचं. चांगली सेवा कोणती, याची परीक्षा सगळं सुरळीत असताना होत नाही, बिघडल्यावर होते.

हे शिकायचं कुठं? आणि कसं?

हा विषय तसा तरुण आहे. ‘आय ट्रिपल ई’ ही अभियंत्यांची जगभर पसरलेली संस्था. तिनं २००३ मध्ये सेवा-संगणनासाठी वेगळी समिती नेमली आणि २००८ पासून या विषयाचं संशोधनाचं नियतकालिक सुरू केलं. संगणकशास्त्राबरोबर यात व्यवहार येतो, कायदा येतो, माणसांच्या सवयीही येतात. म्हणून हा विषय एकट्यानं कोपऱ्यात बसून पाठ करता येत नाही.

का बरं? सोपं आहे. दोन्ही बाजू तुम्ही एकट्यानंच लिहिल्या, तर करार कधी मोडणारच नाही! तुमच्या मनातलं तुम्हाला ठाऊकच असतं. दुसऱ्या गटानं तुमचा करार वाचला, त्याचा भलताच अर्थ लावला, म्हणजे कळतं की आपण काय लिहायचं विसरलो. तारीख आधी दिवस लिहून द्यायची की आधी महिना? रक्कम रुपयांत की पैशांत? असल्या बारीकसारीक गोष्टींवरच मोठमोठी कामं आपटतात.

लोणावळ्याजवळ कुसगावला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तळेगावलाही आहे. अशा महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचा प्रकल्प गटानं करण्याची पद्धत आहे. २०१७ पासून देशभर ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ भरते. तिथं संघ सहा जणांचा, आणि त्यात निदान एक मुलगी हवीच, असा नियम.

आणि मिळून शिकणं मावळाला काही नवं नाही! अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून ‘पैसा फंड’ उभा केला. त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. ईश्वरदास वार्ष्णेय या तज्ज्ञांच्या हाताखाली तिथं मुलं काचकाम शिकली. काचेचं काम कसं असतं माहीत आहे? भट्टीतून तापलेला गोळा एकानं काढायचा, दुसऱ्यानं फुंकायचा, तिसऱ्यानं वेळेवर साचा धरायचा. एक जण चुकला की काच थंड, आणि बाकीच्यांची मेहनत वाया. ‘माझं काम मी बरोबर केलं होतं,’ असं म्हणून तिथं भागत नाही.

करून पाहा

यासाठी संगणक लागतच नाही. वर्गातच खेळा. चार गट करा : प्रवासी, तिकीटघर, बँक आणि जागा राखणारे. बोलायला बंदी, फक्त चिठ्ठ्या पाठवायच्या. प्रत्येक चिठ्ठीवर क्रमांक हवा. खेळाआधी प्रत्येक गटानं फळ्यावर चार ओळी लिहायच्या : आमच्याकडे काय मागायचं, आम्ही काय देऊ, किती वेळात देऊ, आणि नाही जमलं तर काय करू.

मग बाईंना किंवा सरांना सांगा, की कुणाला न कळवता एका गटाला पाच मिनिटं गप्प बसवा. बघा कसा गोंधळ उडतो! कुणाचे पैसे अडकतात, कुणाला दोन तिकिटं मिळतात, एकाच जागेवर दोघं बसतात. मग भांडू नका. फळ्यापाशी या, चौथी ओळ नीट लिहा आणि पुन्हा खेळा. पुढच्या डावात गट बदला. काल बँक होतात, तर आज प्रवासी व्हा. चिठ्ठी पाठवून उत्तराची वाट बघत बसणं म्हणजे काय, ते तेव्हा कळेल.

परीक्षेत आपण वही हातानं झाकून लिहितो. तिथं ते ठीक आहे. पण उद्या तुमच्यापैकी कुणी अशा सेवा बांधणार असेल, तर त्याला आपला करार उघड्या फळ्यावर लिहायची सवय हवी, आणि दुसऱ्यानं त्यातली चूक दाखवली तर ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणायचीही. मग सांगा, तुमच्या वर्गाची चौथी ओळ काय असेल?