पोट फुगवणारं यंत्र

दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं असो की अपेंडिक्स, कॅमेऱ्याआधी कामाला लागतो तो इन्सफ्लेटर. ट्रॉलीवरच्या या चौकोनी डब्यातून कार्बन डायऑक्साइड पोटात जातो, पोटाची भिंत वर उचलली जाते आणि सर्जनला अवजारं फिरवायला जागा मिळते. डब्यावर दाबाचा आकडा झळकतो, बहुधा १२ ते १५ मिलिमीटर पारा. त्या आकड्याची किंमत फुप्फुसं मोजतात.

दाब आपोआप सांभाळणारा इन्सफ्लेटर जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट सेम यांनी १९६० च्या दशकात घडवला. वायू आत सोडणारी सुई त्याहून जुनी. हंगेरीच्या यानोश व्हेरेश यांनी ती क्षयरोग्याच्या छातीत हवा भरून आजारी फुप्फुस मिटवण्यासाठी बनवली होती.

पोट फुगलं की श्वासपटल छातीकडे सरकतं. फुप्फुसांचा तळ दबतो, तिथले वायुकोश मिटू लागतात. तेवढीच हवा आत ढकलायला व्हेंटिलेटरला जास्त जोर लागतो आणि भूलतज्ज्ञासमोरच्या मॉनिटरवर श्वासमार्गाचा दाब लगेच चढतो. पाठोपाठ उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइडही वाढतो, कारण पोटातला वायू रक्तात विरघळून शेवटी फुप्फुसांतूनच बाहेर पडतो. मग श्वासांची गती वाढवावी लागते. गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी टेबल डोक्याकडे झुकवलं, की आतड्यांचा भारही श्वासपटलावर येतो. अशा वेळी फुप्फुसं वर सरकतात, पण तोंडाशी चिकटवलेली श्वासाची ट्यूब हलत नाही. तिचं टोक कधी कधी उजव्या श्वासनलिकेत शिरतं आणि डावं फुप्फुस उपाशी राहतं. म्हणून प्राणवायू अचानक उतरला, तर अनुभवी भूलतज्ज्ञ छातीच्या डाव्या बाजूला स्टेथोस्कोप लावून पाहतो.

भारतात दुर्बिणीतून पित्ताशय पहिल्यांदा काढलं ते १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी. आज तालुक्याच्या गावीही ही ऑपरेशनं होतात, आणि ते चांगलंच आहे. मोठ्या छेदाच्या वेदनेने रुग्ण खोल श्वास घ्यायला आणि खोकायला घाबरतो. तो त्रास इथे बराच टळतो. निरोगी फुप्फुसं तासाभराचा हा दाब सहज सोसतात. दमेकऱ्याचं, वर्षानुवर्षं बिडी ओढलेल्याचं तसं नसतं. १० वर काम भागत असेल तर सर्जनने १५ मागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ भेटायला येतील, तेव्हा दमा, खोकला, बिडी-सिगारेट, जिना चढताना लागणारी धाप, यातलं काहीही लपवू नका.